शेवाळाखालचा सांधा

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाण्याने तुडुंब भरलेल्या जमिनीत प्राणवायू पोचत नाही, म्हणून मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साचत जाते. अशा जमिनी भूपृष्ठाच्या सुमारे ३ टक्केच, पण जगातील सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात नसेल इतका कार्बन त्यांच्या पोटात आहे. चर खणून पाणी काढले की हवा आत शिरते, कुजण्याची क्रिया वेग घेते आणि हजारो वर्षांची ठेव कार्बन डायऑक्साइड होऊन उडू लागते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या ब्वा-दे-बेल या दलदलीचे हेच झाले. महाराष्ट्रातील नर्सऱ्यांत कोकोपीट ज्या कामाला येते, त्याच कामासाठी तेथील पीट खरवडून नेले जाई. १९८० मध्ये उत्खनन थांबले; पण पुढच्या जवळजवळ वीस वर्षांत स्फॅग्नम शेवाळ तेथे आपणहून परतले नाही. १९९९ मध्ये लाव्हाल विद्यापीठाच्या लीन रोशफोर यांच्या गटाने चर बुजवले, बांध घातले, शाबूत दलदलीतून आणलेले शेवाळाचे तुकडे उघड्या पिटावर पसरले आणि वर पेंढ्याचे आच्छादन दिले. थोडा भाग मुद्दाम तसाच सोडला, तुलनेसाठी. काही वर्षांतच पुनर्स्थापित भागावर शेवाळाची गादी तयार झाली.

पण नुसत्या हिरवेपणावर विसंबून चालत नाही. स्फॅग्नमला मुळे नसतात. त्याच्या पानांतल्या मोठ्या मृत पेशी पाणी धरून ठेवतात. ओली मूठ पिळली तर स्पंजासारखी गळते. उन्हाळ्यात मात्र पाणी खालूनच, बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने चढावे लागते. येथेच अडचण होती. जुने पीट दाबलेले, बारीक छिद्रांचे. नवे शेवाळ सैल, मोठ्या पोकळ्यांचे. बारीक छिद्रे पाणी घट्ट धरतात आणि पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. दहा वर्षांनंतरही जुने पीट आणि नवे शेवाळ यांच्या सांध्याशी पाणी अडत असल्याचे मोजमापांत आढळले. खाली ओल आणि वर सुकलेले शेवाळ, अशी स्थिती. सुकलेल्या शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण मंदावते, म्हणजे पाण्याची ही अडवणूक थेट कार्बनच्या जमाखर्चात उतरते.

तरीही चौदा वर्षांनंतर तेथे उभारलेल्या मनोऱ्यावरील उपकरणांनी वायूंची अखंड नोंद घेतली, तेव्हा ही जमीन वर्षाला दर चौरस मीटरमागे सुमारे ८० ग्रॅम कार्बन साठवत असल्याचे दिसले. यात मिथेनचा खर्चही धरला आहे. पाणी वर आले की मिथेन बनतोच. त्यातला बराचसा वरच्या हवेशीर शेवाळात जीवाणू जाळून टाकतात, पण कापूसगवताच्या पोकळ देठांतून काही थेट बाहेर निसटतो.

शेवाळाचा थर जसा जाड होईल, तशी त्याची खालची पाती दबून कुजतील, छिद्रे बारीक होतील आणि पाण्याची पातळी सांधा ओलांडून नव्या थरात स्थिरावेल. त्याला आणखी कित्येक वर्षे लागतील.