आठ तासांचा हरभरा

रब्बीत काळ्या रानाची वरची माती लवकर सुकते, ओल खाली जाते. कोरडा दाणा पाणी शोषत बसतो, तोवर ओल आणखी खाली जाते. म्हणून हरभरा पेरण्याआधी आठ तास साध्या पाण्यात भिजवावा, सावलीत वरवर सुकवावा आणि त्याच दिवशी पेरावा. दाणा आतून जागा होतो, मोड मात्र येत नाही. उगवण लवकर आणि एकसारखी होते. बांगलादेशातल्या बरिंद भागात १९९०च्या दशकात शेतकऱ्यांच्याच रानांत हे करून पाहिले, तेव्हा उत्पन्नही वाढले. सोयाबीन मात्र असे भिजवू नये. त्याची साल नाजूक.

आणि आठ म्हणजे आठच तास! एका वर्षी मी कवितेत रमलो (हे सांगायला आजही लाज वाटते) आणि बी दीड दिवस पाण्यात राहिले. लांब मोड फुटले, ते पाभरीच्या नळ्यांतून जाताना मोडले. रान मोकळे राहिले. अब्बा काही बोलले नाहीत. नव्या बियाण्यासाठी अम्मीने शेळी विकली. ते बी अब्बांनी स्वतः भिजवले. रात्री निजताना पाणी घातले, फजरच्या अजानला उपसले. मला हातही लावू दिला नाही.