अंगणात आलेली शाळा
(ताराबाई मोडक यांच्या स्मरणार्थ दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अंगणवाडी’ या शब्दाचा अर्थ आज महाराष्ट्रातील कोणत्याही गावी विचारावा लागत नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात तो असतो, तालुक्याच्या अहवालात असतो आणि लेकरू कडेवर घेतलेल्या आईच्या तोंडीही असतो. परंतु या शब्दाचे मूळ कोणत्याही परिपत्रकात नाही. ते आहे समुद्रकाठच्या बोर्डी या गावी, ताराबाई मोडक यांना पडलेल्या एका साध्या प्रश्नात.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. स्त्रीला असे पद क्वचितच लाभावे, असा तो काळ होता. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. इतरांना शिकविण्याचा अधिकार मिळाल्यावरही स्वतः पुन्हा शिकावयास बसणे, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष होता. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३९ साली गिजुभाई निवर्तले, तेव्हा ते कार्य पुढे नेण्याचे उत्तरदायित्व ताराबाईंनी शिरावर घेतले.

शहरातील बालमंदिरे चालत होती, पण खेड्यातील बालक त्यांपासून दूरच होते. म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटलेली असताना, ताराबाई बोर्डीस आल्या. बालवाडी सुरू झाली. परंतु गावकुसाबाहेरील वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. अशा वेळी पालकांच्या अज्ञानाला बोल लावून स्वस्थ बसणे सोपे असते. ताराबाईंनी दोष शाळेकडे घेतला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात गेले पाहिजे, असा निर्णय त्यांनी केला. झोपडीपुढील अंगण झाडून तेथेच मुलांना एकत्र करावे, त्यांचे हातपाय धुवावे, नखे कापावी, गाणी-गोष्टी सांगाव्या, असा हा क्रम होता. महागडी साधने बाजूस राहिली. शंख, शिंपले, बिया, पाने आणि खडे हीच मोजण्याची आणि रंग-आकार ओळखण्याची साधने झाली.

या कार्यात त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशी त्यांच्या आयुष्याची सुरुवात. त्यातून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली पुण्याची स्थिर नोकरी सोडून ताराबाईंच्या कार्यात आल्या. ताराबाईंच्या सहवासात अनुताईंचे शिक्षणही थांबले नाही. पन्नाशी ओलांडल्यावर त्या पदवीधर झाल्या. शिक्षकाने आपले शिकणे संपवू नये, हा धडा गुरूंच्या आचरणातच होता.

१९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर आल्या. येथे प्रश्न अधिक बिकट होता. वारली मुले गुरे राखावयास रानात जात. म्हणून शाळाही कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ निर्माण झाली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली बहीण घरी अडकून पडे. ‘विकासवाडी’ने त्यावर उपाय शोधला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीने त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपल्या वर्गात जाऊन बसावे, अशी ही सोय होती.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. चालकाच्या मागे संस्था ओस पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. कोसबाडला तसे घडले नाही. १९९२ साली निधन होईपर्यंत, म्हणजे आणखी एकोणीस वर्षे, अनुताईंनी ते व्रत चालविले. आपल्यावाचून चालेल अशी माणसे घडविणे, हेच खऱ्या मार्गदर्शकाचे लक्षण होय.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव गावोगाव पोहोचले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांमधील भिंत विकासवाडीने कितीतरी आधी दूर केली होती.

मात्र नाव पोहोचले म्हणजे त्यामागील विचार पोहोचला, असे समजण्याचे कारण नाही. हजेरीपट, वजनाची नोंद आणि आहाराचा हिशेब आवश्यकच आहे. पण पटावर नसलेले मूल कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. ऊसतोडीच्या फडावरचे, वीटभट्टीवरचे, डोंगरापलीकडच्या पाड्यावरचे ते मूल असते. पंचायतीच्या बैठकीत किती मुले आली, हे विचारले जाते. कोणते मूल आले नाही आणि त्याच्यासाठी आपण काय बदलले, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारला जावा. ताराबाईंनी बोर्डीत तो स्वतःलाच विचारला होता. तो विचारला जात राहील, तोवर त्यांची शाळा सुरू आहे असे समजावे.