साखर लपवून कमी होत नाही

(युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी डॉक्टर नाही. धुळ्यात वाढलो, जळगावात शिक्षकी केली. आठ वर्षांपूर्वी माझं एचबीएवनसी ८.४ निघालं. हा आकडा मागच्या सुमारे तीन महिन्यांची साखर सांगतो, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. मी रिपोर्ट घडी घालून कपाटात ठेवला. मोठ्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. बापाला साखर आहे हे बाहेर कळू नये, एवढीच चिंता.

त्या रमजानमध्ये डॉक्टरांना न विचारता रोजे धरले आणि सहरीला गोळी घेत राहिलो. ती गोळी पोट रिकामं असलं तरी साखर खाली आणणारी होती. नवव्या रोजाला वर्गातच घाम फुटला, हात थरथरले, फळ्यावरची अक्षरं दिसेनात. साखर ५८! सहकाऱ्याने साखरेचं पाणी पाजलं. रोजा तुटला म्हणून मी घरी येऊन रडलो. अम्मी म्हणाली, "बेटा, आजाऱ्याला अल्लाहने सवलत दिलीय. ती नाकारणारा तू कोण?"

पुढच्या वर्षी रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळीची वेळ आणि मात्रा बदलली. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमाही सांगतात. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे आता आमच्या फ्रीजवर लिहिलेलं आहे.

खाणं आपलंच ठेवलं. चार पोळ्यांऐवजी कळण्याची एक भाकरी, सोबत भरीत, मेथी, डाळ. शेवभाजी महिन्यातून एकदा. बिर्याणीत आधी काकडी-कांदा, मग गोश्त, शेवटी भात एक डाव. जळगावात राहून केळीशी भांडण कसं करणार? अर्धं केळं खातो. सकाळी मेहरूण तलावावर ४५ मिनिटं चालतो. वजन ११ किलो उतरलं, आकडा ६.७ वर आला. एक गोळी अजून चालू आहे.

ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात वजन घटवून जवळपास निम्म्या लोकांचा मधुमेह वर्षभरात गोळ्यांविना आटोक्यात आला. पण त्यांचा आजार फार जुना नव्हता आणि देखरेख डॉक्टरांची होती. माझ्या अब्बांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली, अंगठा कापावा लागला.

सर्वांत कठीण असते ती दावत. आता मी दोन चमचे शीरखुर्मा घेतो आणि मोठ्याने सांगतो, मला साखर आहे. मुलीच्या लग्नाच्या बोलणीतही सांगून टाकलं. मुलाचे वडील हसले, "मास्टरसाब, मेरी भी दो गोली चलती है."

तुम्ही म्हणाल, आम्ही तर सडपातळ. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत की बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी जास्त असू शकते. घरात कुणाला मधुमेह असेल, तर तपासणी आत्ताच करा. आणि आज घरी गेल्यावर एक विचारा: सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या अम्मीची साखर कधी तपासली होती?