तराजूच्या पलीकडून

भाजी विकत घेण्याचा अनुभव आपणां सर्वांना आहे. ती विकण्याचा अनुभव फार थोड्यांना असेल. मलाही तो योगायोगानेंच मिळाला. पुरंदर तालुक्यांत शेती करणारे माझे थोरले चुलतबंधु गेल्या पावसाळ्यांत पाय मोडून अंथरुणाला खिळले. दर बुधवारीं पुण्याच्या शेतकरी आठवडे बाजारांत भाजी घेऊन येण्याचें काम एकट्या वहिनींवर पडलें, आणि त्यांच्या मदतीला मी जाऊं लागलें. तराजूच्या अलीकडे वीस-बावीस वर्षें काढल्यावर पलीकडून काय दिसलें, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

हे बाजार कां निघाले, तें आधीं थोडक्यांत सांगतें. महाराष्ट्रांत १९६३ च्या कायद्यानें शेतमालाच्या विक्रीचें नियमन बाजार समित्यांकडे आलें. माल अडत्याच्या गाळ्यावर जावा, तेथून तो घाऊक व्यापाऱ्याकडे, मग किरकोळ विक्रेत्याकडे, आणि शेवटीं आपल्या पिशवींत यावा, असा क्रम रूढ झाला. २०१६ सालीं बाजार-आवाराबाहेर होणारी फळें व भाजीपाला ह्यांची विक्री त्या बंधनांतून मोकळी झाली. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, ग्राहकानें टोमॅटोसाठीं मोजलेल्या रुपयांतले सुमारें ३३ पैसे शेतकऱ्याच्या हातीं पडतात. कांद्याचे ३६ आणि बटाट्याचे ३७. हे आंकडे वाचून माझी समजूत झाली होती कीं, मधला मनुष्य दूर झाला म्हणजे उरलेले पैसे आपोआप शेतकऱ्याच्या पदरांत येत असतील.

पहिल्याच बुधवारीं ही समजूत ढांसळली. मधला मनुष्य गेला तरी त्याचें काम कांहीं जात नाहीं. टोमॅटो निवडून क्रेट भरावयाचे, मेथीच्या जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखालीं झांकावयाच्या, टेम्पोचें भाडें द्यावयाचें, चार-पांच तास उभें राहून तोलावयाचें, आणि जें उरेल त्याचें नुकसानही आपणच सोसावयाचें. पूर्वीं हें दुसरे कोणी करीत आणि त्याचे पैसे घेत. ते रास्त घेत कीं अधिक, हा प्रश्न निराळा. पण काम मात्र खरें होतें.

माझी पहिली मदत वहिनींना महागांतच पडली. कोणी भाजी घेतली कीं, "वर थोडी कोथिंबीर टाका हं," असें म्हणावयाचें, ही आपली जुनी रीत. मी मोठ्या उत्साहानें टाकीत गेलें. संध्याकाळीं वहिनींनीं हिशेब केला, तेव्हां तीस जुड्यांपैकीं नऊ जुड्या अशा वाटून संपलेल्या! त्या हंसून म्हणाल्या, "वन्सं, मन तुम्ही मोठं केलंत, पण कोथिंबीर माझी होती." त्या वाक्यानें मी जितकी वरमलें, तितकी रागावण्यानें वरमलें नसतें.

दुसरी गोष्ट भेंडीची. कोवळेपणा पाहण्यासाठीं आपण भेंडीचें टोक मोडतों. मीही जन्मभर मोडीत आलें. पण दहा जणींनीं मोडलेली भेंडी अकरावी घेत नाहीं, आणि तिची किंमत अखेर वहिनी देतात, हें तराजूच्या अलीकडून कधीं दिसलें नव्हतें.

खरी परीक्षा तिसऱ्या बुधवारीं झाली. दुपारपासून पाऊस कोसळत होता. साडेसातला मेथीच्या चाळीस जुड्या शिल्लक होत्या. एक सभ्य गृहस्थ आले, आणि "अर्ध्या किंमतींत सगळ्या द्या, नाहींतरी तुम्ही फेकूनच देणार," असें म्हणाले. बोलणें व्यवहाराचें होतें. पण वहिनींनीं नकार दिला. मला तो हट्ट वाटला. परततांना त्या म्हणाल्या, "आज दिल्या, तर पुढच्या बुधवारीं सगळे साडेसातलाच येतील. मग पांच वाजतां मी कुणासाठीं उभी राहूं?" उरलेली मेथी त्या रात्रीं म्हशीपुढें पडली. टेम्पोचें भाडें मात्र पुरेंच द्यावें लागलें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. वहिनींना कमी पडत होती ती दया नव्हे आणि कौतुकही नव्हे. निश्चिति कमी पडत होती. किती जुड्या उपटावयाच्या, हें आदल्या दिवशीं ठरवावें लागतें, आणि ग्राहक येईल कीं नाहीं, हें दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं कळतें. ह्या दोहोंमधील सारी जोखीम एका बाईच्या डोक्यावर!

आमच्या इमारतींतील अकरा घरांशीं मीं बोलणें केलें. सोमवारीं रात्रीं प्रत्येकीनें आपली मागणी सांगावयाची, आणि पाऊस असो वा पाहुणे असोत, सांगितलेलें घ्यावयाचेंच. भाव बाजाराचाच, कमी नाहीं, अधिक नाहीं. वहिनी तेवढा माल वेगळा बांधून आणतात. अकरा घरांनीं कोणाचें दैन्य फिटत नाहीं, हें मी जाणतें. परंतु टेम्पोचें भाडें आतां गाळा मांडण्यापूर्वींच सुटलेलें असतें, आणि वहिनी पावसाकडे पूर्वीसारख्या घाबरून पाहत नाहींत.

श्रोतेहो, आपल्या जवळपास असा बाजार भरत असेल, तर अवश्य जा. भेंडी मोडूं नका, कोथिंबीर विकत घ्या, आणि जमल्यास निघतांना एवढें सांगून ठेवा: "पुढच्या आठवड्यांत माझ्या दोन जुड्या ठेवा." आणि मग त्या घेण्यासाठीं नक्की जा.