दगड झिजला, कागद बोलला



स्मशानाचा विषय निघाला की आपल्याला म्हणतात, ‘बायकांचं तिकडं काय काम?’ आज आम्ही तुम्हाला मुद्दाम तिकडंच नेणार आहोत.

आपल्या पाटणवरून वाहणारी कोयना कराडला कृष्णेला मिळते. त्याच कृष्णेच्या काठानं वर साताऱ्याकडं गेलं, की वेण्णेचा संगम लागतो. तिथंच माहुली. सातारच्या छत्रपती घराण्याच्या समाध्यांची ही जुनी जागा. सातारकर आजही आपली माणसं शेवटी इथंच आणतात.

इथं महाराणी ताराबाईंची समाधी आहे. 1700 साली राजाराम महाराज गेले. मुलगा लहान आणि समोर औरंगजेबाची फौज. तरी या बाईनं सात वर्षं राज्य राखलं. डिसेंबर 1761 मध्ये त्या साताऱ्यात वारल्या. नदीकाठची त्यांची समाधी पुरानं आणि गाळानं ढासळत गेली. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी मात्र आजही लोक कौतुकानं दाखवतात.

महाराजांच्या आई येसूबाई. 1689 साली रायगड पडला आणि त्या मोगलांच्या कैदेत गेल्या, त्या सुटल्या 1719 साली. त्यांची समाधी नेमकी कोणती, हेच लोक विसरले होते. अलीकडं अभ्यासकांनी जुने कागद वाचले, तेव्हा ती माहुलीत ओळखू आली. दगड मुका झाला होता, कागद बोलला.

राणीची ही गत, मग आपल्या आजी-पणजीचं काय? त्यांची ना समाधी, ना कुठं नाव.

म्हणून एवढं करू या. घरात कुणी गेलं, बाई असो की पुरुष, तर 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायची. दहावं-तेरावं कुणी चुकवत नाही, नोंद मात्र राहून जाते. मग सातबाऱ्यावर वारस लावताना विधवेला आणि लेकींना हेलपाटे पडतात. दाखला हातात आला, की नाव बरोबर आहे का ते वाचून घ्यायचं. सासरचं, माहेरचं, हाक मारायचं, अशी आपली नावं तीन. कागदावर भलतंच जातं.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या आजीचं आणि पणजीचं नाव सांगायचं. आठवत नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. आणि ते वहीत लिहून ठेवा.