लैंगिक गुन्हेगारांचे पुनर्वसन : उपचारांमागील सिद्धांत

विनोबा भावे यांच्यासमोर मे १९६० मध्ये चंबळ खोऱ्यातील दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली, आणि त्याच्या बऱ्याच आधी, १९३९ मध्ये, औंध संस्थानाने आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत खुनाच्या कैद्यांच्या हाती शेती सोपवली होती. परंतु दरोडेखोराला आणि खुन्याला मिळालेला हा विश्वास लैंगिक गुन्हेगाराच्या वाट्याला क्वचितच येतो. शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द केली, पण पॅरोल आणि फर्लो (शिक्षेदरम्यानच्या सुट्ट्या) नाकारून त्यांना आजन्म कारावास दिला. अशा टोकाच्या शिक्षा सोडल्या, तर मुदतीची शिक्षा झालेला कैदी कधी तरी गावी परततोच, आणि त्याच्याबाबतचा प्रश्न तेथून सुरू होतो.

कॅनडातील अँड्र्यूज व बोंटा यांनी १९९० च्या सुमारास मांडलेला ‘जोखीम, गरज, प्रतिसाद’ हा सिद्धांत असे सांगतो की, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता जितकी अधिक तितका उपचार सखोल असावा, तो गुन्ह्याला खतपाणी घालणाऱ्या कारणांवरच रोखलेला असावा, आणि त्याची पद्धत कैद्याच्या शिक्षणाला व आकलनाला झेपणारी असावी. यातील ‘कारणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण हॅन्सन आणि बुसिएर यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गुन्हा कबूल न करणे किंवा पीडितेविषयी सहानुभूती नसणे यांचा पुन्हा गुन्हा करण्याशी फारसा संबंध आढळला नाही, तर विकृत लैंगिक आकर्षणाचा आढळला. म्हणजे पश्चात्तापाचे अश्रू हा भरवशाचा निकष नव्हे.

न्यूझीलंडचे टोनी वॉर्ड यांचे ‘चांगल्या जीवनाचे प्रारूप’ या सिद्धांताला पूरक आहे. जवळीक, मान आणि कामातील कौशल्य यांची ओढ सर्वांनाच असते, गुन्हेगार ती दुसऱ्याला इजा करून भागवतो, म्हणून त्याला केवळ मनाई न करता वैध मार्ग शिकवावा, असे ते मानते. तरीही सिद्धांत बरोबर म्हणून कार्यक्रम बरोबर ठरतोच असे नाही: इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांतील मुख्य गट-उपचाराची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ८ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले होते, आणि तो कार्यक्रम बंद करण्यात आला.

याउलट कॅनडात १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘आधार व उत्तरदायित्व मंडळां’त काही सामान्य नागरिक सुटलेल्या माणसाला नियमित भेटतात, खोली व काम शोधायला मदत करतात, आणि तो धोक्याच्या वाटेवर दिसला तर त्याला तोंडावर जाब विचारतात व गरज पडल्यास अधिकाऱ्यांना कळवतात.