जॉब म्हणजे काय रे भाऊ?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पाचच मिनिटं, असं सेक्रेटरींनी बजावलंय. तेव्हा एकाच शब्दावर बोलतो. शब्द इंग्रजी आहे, पण भोसरीत तो आता आपलाच झालाय. जॉब.

मुलांना विचारा, जॉब म्हणजे नोकरी. एमआयडीसीत शॉपवर मात्र जॉब म्हणजे मशीनवरचा तुकडा. तो चकात बांधायचा, टूल लावायचं, मायक्रोमीटरने मापायचा. माप चुकलं की जॉब रिजेक्ट. नीट आवळला नसेल तर जॉब उडतो, आणि उडालेला जॉब माणसाचं डोकं फोडू शकतो. 'जॉब गेला' हे तिथे दोन्ही अर्थांनी म्हणतात. तोंड दोन्ही वेळा उतरतं.

मग जॉब वर्क. माल पार्टीचा, मजुरी आपली. इथली कितीतरी छोटी वर्कशॉप त्यावरच चालतात. आणि जॉब कार्डाची तर गंमतच. कारखान्यात ते मालाबरोबर फिरतं, कुठलं ऑपरेशन झालं, कुठलं राहिलं ते सांगतं. गावाकडे जॉब कार्ड म्हणजे रोजगार हमीचं. केंद्राचा कायदा 2005 मध्ये झाला होता, पण मूळ योजना आपल्या महाराष्ट्राची, 1972 च्या दुष्काळातली. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या आईवडिलांनी तेव्हा खडी फोडलेली आहे.

इंग्रजांकडेही हा शब्द काही मोठ्या घरचा नव्हता. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात जॉब म्हणजे किरकोळ, मिळेल ते काम. कायमची नोकरी हा अर्थ मागाहून चिकटला. हल्लीची कंत्राटी भरती पाहिली की वाटतं, शब्द परत माहेरी निघालाय!

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्या मशीनवर अर्धा कापलेला जॉब तसाच राहिला. परत गेलो तेव्हा त्यावर गंज चढला होता. तो पॉलिश पेपरने निघाला. पण शेजारच्या मशीनवरचा पोरगा गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच्या जागी नवीन माणूस आला, तोही ठेकेदाराचा.

आता शेवटचं. आपल्या बिल्डिंगमध्ये दुपारी काही घरांत रबराचे पार्ट येतात. गोणी ओतायची, ब्लेडने एकेकाची कड कापायची, पैसे नगावर. बोटांना चिरा पडतात. कंपनीच्या भाषेत तो प्रत्येक पार्ट म्हणजे जॉबच. त्याच वहिनींना विचारलं, 'जॉब करता का?' तर म्हणतात, 'नाही हो भाऊजी, घरीच असते.'

सभासदांच्या नव्या यादीत 'व्यवसाय' असा रकाना आहे. फॉर्म अजून छापायला गेलेले नाहीत. पुरुषमंडळींनी घरी विचारून तो रकाना भरावा, एवढी विनंती करतो आणि माईक सेक्रेटरींकडे देतो.